दुकानातला कॅमेरा नेमका कुठे बघतो? मुंबईतल्या छोट्या व्यावसायिकांसाठी सीसीटीव्ही आणि खासगीपणा

लॅमिंग्टन रोडवर चार कॅमेरे, डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा), हार्ड डिस्क, वायर आणि बसवणावळ असा सगळा संच एकाच दुकानात मिळतो. सकाळी पैसे दिले की संध्याकाळपर्यंत माणूस शिडी घेऊन हजर होतो आणि विचारतो, "शेठ, कुठे लावू?" बहुतेक मालक गल्ल्यावरूनच सांगतात, "चारी कोपऱ्यांत लाव." पुढची बरीचशी डोकेदुखी या एका उत्तरातून येते. मग एखादा कॅमेरा कामाला असलेल्या मुली कपडे बदलतात त्या खोलीकडे वळतो, एखादा समोरच्या बिऱ्हाडाच्या दारात डोकावतो, आणि कॅमेरेवाल्याने टाकलेला पासवर्ड वर्षानुवर्षं तसाच राहतो.

कॅमेरा लावायला माझा मुळीच विरोध नाही. रात्री अकराला शटर ओढणाऱ्या माणसाला त्याची गरज आहे आणि चोरीनंतर पोलीसही सगळ्यात आधी फुटेजच मागतात. पण प्रत्येक कॅमेऱ्याचं काम एका ओळीत लिहिता आलं पाहिजे. ज्याचं काम लिहिता येत नाही, तो कॅमेरा लावू नका. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका अटीतून निघतात.

आधी कायदा, थोडक्यात

फक्त सीसीटीव्हीसाठी असा वेगळा केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही. पण म्हणून रान मोकळं आहे असंही नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. छोट्या दुकानदाराला प्रत्यक्ष भिडतात ते पुढचे तीन कायदे.

पहिला, भारतीय न्याय संहितेचं कलम ७७. स्त्री खासगी कृतीत असताना, म्हणजे जिथे आपल्याला कोणी बघत नाही अशी तिची रास्त अपेक्षा असते तिथे, तिला बघणं किंवा तिचं चित्रण करणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी १ ते ३ वर्षं कैद आणि दंड, पुन्हा केल्यास ३ ते ७ वर्षं. दुसरा, माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ६६ई. इथे स्त्री-पुरुष असा भेद नाही. संमतीशिवाय कोणाच्याही शरीराच्या खासगी भागाचं जाणूनबुजून चित्रण केलं किंवा ते पसरवलं, तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "आम्ही काही बघत नव्हतो, नुसतं रेकॉर्ड होत होतं" या सबबीवर विसंबू नका. दोन्ही कलमांत चित्रण करणं हेच गुन्ह्यात धरलं आहे.

तिसरा, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३. ओळखू येणाऱ्या माणसाचं डिजिटल फुटेज ही त्याची वैयक्तिक माहिती आहे आणि ती गोळा करणारे म्हणून जबाबदारी तुमची आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. सूचना, सुरक्षितता, माहिती फुटल्यास कळवणं वगैरे मुख्य नियम त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू व्हायचे आहेत. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. हा आकडा वाचून घाबरू नका. दंड ठरवताना चूक किती गंभीर आणि दंड तिच्या प्रमाणात आहे का, हे या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाने पाहायचं आहे. पण "आपलं छोटं दुकान, आपल्याला काय लागतं" हा समज मात्र सोडून द्या.

याच कायद्याच्या कलम ७ मध्ये मालकाला नोकरीच्या कारणांसाठी आणि नुकसानीपासून बचावासाठी कामगारांची माहिती त्यांच्या संमतीवाचून वापरायची मुभा आहे. ग्राहकांसाठी असं सरळ कलम नाही. म्हणून दारावरच्या पाटीला महत्त्व आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

पायरी १ : कागद घ्या, कॅमेरा नंतर

दुकानाचा ओबडधोबड नकाशा काढा. शटर, गल्ला, माल उतरवायची जागा, पोटमाळा, मागचा दरवाजा, संडास. आता प्रत्येक कॅमेऱ्यासमोर एक वाक्य लिहा. "कॅमेरा १ : शटर आणि आत येणाऱ्याचा चेहरा." "कॅमेरा २ : गल्ला आणि पैशांची देवघेव." "कॅमेरा ३ : टेम्पोतून उतरणारा माल." एवढं लिहून झालं की चौथ्याची गरज उरते का ते बघा. बऱ्याच गाळ्यांत उरत नाही.

"कामगार काम करतात का बघायला" असं वाक्य लिहिलं गेलं तर तिथेच थांबा. घरी बसून मोबाइलवर दुकान बघायचं आणि "काउंटरवर कोणी का नाही?" असा फोन करायचा, ही सवय मुंबईत सर्रास आहे. माझ्या मते ती वाईट आहे. बारा तास उभं राहणारा माणूस दोन मिनिटं टेकला तर त्यात चोरी कसली? कामाचा हिशेब विक्रीवरून आणि स्टॉकवरून घ्या.

हा कागद तारीख घालून जपा. उद्या कोणी तक्रार केली तर कॅमेरा का लावला याचं उत्तर तुमच्याकडे लेखी असेल.

पायरी २ : जिथे कॅमेरा नकोच

संडास-बाथरूम, ट्रायल रूम, कपडे बदलायची जागा, पार्लरमधली वॅक्सिंगची खोली, दवाखान्यातलं तपासणीचं टेबल आणि लॅबमधली रक्त घ्यायची खुर्ची. इथे काम लिहिता आलं तरी कॅमेरा नको.

हे ऐकून प्रत्येक जण मान डोलावतो. अडचण आहे ती मुंबईतल्या जागेची. दीडशे-दोनशे चौरस फुटांच्या गाळ्यात वेगळी चेंजिंग रूम असतेच कुठे? रानडे रोडच्या साड्यांच्या दुकानात काम करणारी मुलगी विरारहून किंवा बदलापूरहून येते, लोकलमध्ये घातलेला ड्रेस बदलते आणि दुकानाची साडी नेसते. कुठे? पोटमाळ्यावर, साड्यांच्या गठ्ठ्यांमागे. आणि त्याच पोटमाळ्यावर माल चोरीला जाऊ नये म्हणून कॅमेरा असतो. मालकाच्या लेखी ते गोदाम आहे, त्या मुलीच्या लेखी कपडे बदलायची खोली. कलम ७७ लावताना दारावर काय लिहिलंय याला अर्थ नाही. तिथे तिची अपेक्षा रास्त होती का, एवढंच बघितलं जाईल.

यावर उपाय आहे आणि फार खर्चाचा नाही. कॅमेरा पोटमाळ्याच्या आत न लावता शिडीच्या तोंडाशी खाली लावा. वर कोण गेलं आणि उतरताना हातात काय होतं, एवढं दिसलं की मालाची राखण होते. किंवा एका कोपऱ्याला छतापासून जमिनीपर्यंत जाड पडदा आणि आतून कडी असलेलं पार्टिशन करा आणि कॅमेऱ्याची पाठ तिकडे ठेवा. मग त्या मुलींनाच मॉनिटरसमोर उभं करून विचारा, "बघ, काही दिसतंय का?" त्यांनी नाही म्हटल्यावरच काम पूर्ण झालं असं समजा.

पोटमाळ्यावर कामगार रात्री झोपत असतील, तर प्रश्न आणखी नाजूक होतो. धारावीतल्या कारखान्यांपासून लालबागच्या खानावळींपर्यंत हे चित्र आहे. रात्री दहानंतर ती जागा त्यांचं घर असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने राहत्या घराच्या आत, सोबत राहणाऱ्यांच्या संमतीवाचून कॅमेरे चालवणं हा खासगीपणाचा भंग ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. तो वाद दोन भावांचा होता, मालक-कामगारांचा नव्हता. तरी त्यातून बोध घ्यावा. झोपायच्या जागेवरचा कॅमेरा काढा. निदान रात्रीचं वेळापत्रक लावून तो बंद करा आणि बंद असल्याचं कामगारांना दिसेल अशी सोय करा.

ट्रायल रूमच्या बाहेरच्या बोळात कॅमेरा चालतो, पण दार उघडल्यावर आतलं दिसता कामा नये. आरशातून दिसतं का तेही तपासा. बोळातल्या भिंतीवर आरसा असेल तर कॅमेऱ्याची दिशा बदलूनही उपयोग होत नाही.

पायरी ३ : शेजारी, जिना, फुटपाथ

जुन्या इमारतीत खाली दुकान आणि वर बिऱ्हाडं. चाळीत दारं दिवसभर उघडी असतात. जिन्याच्या तोंडाशी लावलेल्या कॅमेऱ्यात पहिल्या मजल्यावरचं अर्धं स्वयंपाकघर येतं आणि मजल्यावरच्या सामाईक संडासाकडे कोण किती वाजता गेलं याची नोंद होत राहते. शेजाऱ्यांशी भांडण पेटायला एवढं पुरे.

डीव्हीआरच्या मेन्यूत प्रायव्हसी मास्क नावाची सोय असते. चित्रातल्या ज्या भागावर चौकोन ओढाल तो भाग काळा राहतो आणि रेकॉर्डही होत नाही. समोरची खिडकी, शेजाऱ्याचं दार, संडासाची वाट, सगळं झाकून टाका. आपल्या शटरपुढचा फुटपाथ थोडा येणारच, त्याला इलाज नाही. पण रस्ता ओलांडून समोरच्या दुकानाचा गल्ला दिसत असेल तर कॅमेरा खाली वळवा. सोसायटीच्या बाहेरच्या भिंतीवर किंवा जिन्यात कॅमेरा लावायचा तर कमिटीची लेखी परवानगी आधी घ्या.

गल्ल्यावरच्या कॅमेऱ्याबद्दल एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. हल्लीचे कॅमेरे इतके स्पष्ट आहेत की थेट डोक्यावरून बघणाऱ्या कॅमेऱ्याला ग्राहकाने कार्ड मशीनवर दाबलेला पिन आणि मोबाइलवरचा यूपीआय पिन दोन्ही वाचता येतात. कॅमेरा ग्राहकाच्या पाठीमागून किंवा डोक्यावरून न लावता समोरून लावा. चेहरा आणि नोटा दिसू द्या, बोटं नकोत.

पायरी ४ : आवाज बंद

अनेक कॅमेऱ्यांत माइक असतो आणि तो आधीपासून चालूच येतो. रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये "व्हिडिओ आणि ऑडिओ" असेल तिथे फक्त "व्हिडिओ" करा. चोर पकडायला आवाज लागत नाही. दुसरीकडे केमिस्टच्या काउंटरवर माणूस हळू आवाजात औषध मागतो, सराफाकडे घरचं संकट सांगून दागिना मोडतो, कामगार आपसात बोलतात. ते साठवून ठेवायचं काहीच कारण नाही. चेहरा ओळखण्याची सोय असेल तर तीही बंद ठेवा. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत बायोमेट्रिक माहिती संवेदनशील मानली आहे. चेहऱ्यावरून हजेरी घ्यायचीच असेल तर कामगाराची लेखी संमती घ्या.

पायरी ५ : पाटी आणि कामगारांचं पत्र

"तुम्ही कॅमेऱ्याच्या नजरेत आहात" ही बाजारात मिळणारी पिवळी पाटी पुरेशी नाही. ती फक्त धाक घालते, माहिती काही देत नाही. दारातच, डोळ्यांच्या उंचीवर असा मजकूर लावा :

"या दुकानात कॅमेरे सुरू आहेत. चोरीला आळा आणि ग्राहक-कामगारांची सुरक्षितता एवढ्याचसाठी चित्रण होते. आवाज नोंदवला जात नाही. फुटेज १५ दिवसांनी आपोआप पुसले जाते. काही शंका किंवा तक्रार असल्यास बोला : (मालकाचे नाव आणि फोन)."

मराठी आधी, मग गिऱ्हाईक कोणतं आहे ते बघून हिंदी, गुजराती किंवा इंग्रजी. पाटीवर जे लिहाल ते खरं असलं पाहिजे. १५ दिवस लिहून महिनाभर ठेवलंत तर ती पाटी तुमच्याच विरुद्ध पुरावा ठरेल.

कामगारांसाठी वेगळं पत्र करा, त्यांना वाचता येणाऱ्या भाषेत. किती कॅमेरे, कुठे, कशासाठी, फुटेज कोण बघतो, किती दिवस राहतं. सही घ्या आणि एक प्रत त्यांना द्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. लपवलेला कॅमेरा कामगारांवर कधीही लावू नका.

क्लास किंवा पाळणाघर चालवणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. १८ वर्षांखालच्या मुलांबाबत २०२३ च्या कायद्याचं कलम ९ जास्त कडक आहे. पालकांना खूश करायला वर्गाची लाइव्ह लिंक वाटू नका. एका आईला तिच्या मुलाबरोबर इतर सगळ्यांची मुलं दिसतात, आणि ती लिंक पुढे कुठे जाते ते कोणालाच कळत नाही.

पायरी ६ : पासवर्ड, आणि किल्ली कोणाकडे आहे

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातली महिला रुग्णांची तपासणी सुरू असतानाची दृश्यं यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकायला ठेवलेली सापडली. तपासात देशभरातल्या कितीतरी जागांचे कॅमेरे फोडल्याचं उघड झालं आणि "ॲडमिन१२३" हा कंपनीने दिलेला पासवर्डही न बदलल्याचं समोर आलं. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातलेही होते. त्या बायकांचं जे नुकसान झालं ते कोणत्याही दंडाने भरून निघणारं नाही.

म्हणून आज, हा लेख वाचून झाल्यावर, डीव्हीआरसमोर बसा.

ॲडमिनचा पासवर्ड बदला. दुकानाचं नाव, फोन नंबर, एक-दोन-तीन-चार यातलं काही नको. वापरकर्त्यांची यादी उघडा. जुन्या काही डीव्हीआरमध्ये ८८८८८८ किंवा गेस्ट अशी तयार खाती असतात, ती पुसा. मग बघा, मोबाइल ॲपवरचं खातं कोणाच्या नंबरवर आहे? कॅमेरेवाले पुष्कळदा स्वतःच्या नंबरवर खातं उघडून देतात आणि सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड टाकतात. तसं असेल तर त्याला बोलावून खातं काढायला लावा आणि तुमच्या नंबरवर नव्याने नोंदवा. कॅमेरेवाल्याला काम असेल तेव्हा तात्पुरतं खातं द्या आणि काम झालं की काढा.

ॲप किती मोबाइलमध्ये आहे तेही मोजा. मालक, मुलगा, मॅनेजर, मागच्या दिवाळीत सोडून गेलेला मॅनेजर. सोडून गेलेल्याचा ॲक्सेस त्याच दिवशी काढायचा, दुकानाची किल्ली परत घेतो तसा. गिऱ्हाइकांना देता तो वायफाय आणि कॅमेऱ्याचा वायफाय वेगळा ठेवा. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरच्या इंटरनेटवरून थेट डीव्हीआरपर्यंत येण्याची वाट) चालू असेल तर कॅमेरेवाल्याला विचारून बंद करा. फर्मवेअर, म्हणजे डीव्हीआरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा. डीव्हीआर कुलपाच्या कपाटात ठेवा आणि मॉनिटरचं तोंड गिऱ्हाइकाकडे ठेवू नका.

नवीन कॅमेरे घेत असाल तर ९ एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारने सीसीटीव्हीसाठी सुरक्षा चाचणी सक्तीची केली आहे हे लक्षात ठेवा. प्रमाणपत्र मागा आणि बिलावर मॉडेल क्रमांक लिहून घ्या.

पायरी ७ : किती दिवस ठेवायचं

दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा १ एमबीपीएसने (सेकंदाला १ मेगाबिट) रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला सुमारे १०.८ जीबी होतात. चार कॅमेरे म्हणजे ४३ जीबी. एक टीबीच्या डिस्कमध्ये साधारण २३ दिवस बसतात. वेग २ एमबीपीएस ठेवलात तर साडेअकरा दिवस. किती दिवस ठेवायचं हे डिस्क भरेपर्यंत यावर सोडू नका, मुदत तुम्ही ठरवा. किराणा किंवा कपड्याच्या दुकानाला १५ दिवस पुष्कळ होतात, सराफाला ३० ठीक. मेन्यूत मुदत घालायची सोय असते, ती वापरा.

इथे एक गाठ आहे. माहिती संरक्षण कायद्याच्या २०२५ च्या नियमांतल्या नियम ८ मध्ये वैयक्तिक माहिती आणि तिच्या हाताळणीच्या नोंदी किमान १ वर्ष ठेवायला सांगणारं पोटकलम आहे. चार कॅमेऱ्यांचं वर्षभराचं फुटेज म्हणजे जवळपास १६ टीबी. छोट्या दुकानाला ते परवडणारं नाही आणि इतकं साठवणं हाच नवा धोका आहे. हा नियमही मे २०२७ पासूनचा आहे. काही घटकांना ठरावीक कलमांतून सूट देण्याचा अधिकार कायद्याच्या कलम १७ खाली सरकारकडे आहे. तेव्हा तुमच्या व्यापारी संघटनेने त्याआधी लेखी खुलासा मागावा. एकेकट्या दुकानदाराने नव्हे, संघटनेने.

पायरी ८ : फुटेज कोणी मागितलं तर

पोलीस आले तर सहकार्य करा, पण कागद मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली लेखी मागणी करता येते. तीत तारीख आणि वेळ असेल तेवढाच तुकडा द्या आणि स्वतःकडे एक प्रत ठेवा. डीव्हीआरचं घड्याळ चुकलेलं असेल तर खऱ्या वेळेतला फरक लिहून द्या. डीव्हीआरच जप्त केला तर पंचनाम्याची प्रत घेतल्याशिवाय सोडू नका.

फुटेज कोर्टात टिकायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा, द्यावी लागते. असं प्रमाणपत्र आवश्यक असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आपल्याच जालन्याच्या निवडणूक वादातून आला. तिथेही प्रश्न निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचाच होता.

शेजारी, ओळखीचा, "माझी बायको कोणाबरोबर आली होती बघायचंय" म्हणणारा नवरा, यांना नाही म्हणा. कितीही जवळचा असो.

पण एखादी ग्राहक किंवा कामगार सांगत असेल की माझी छेड काढली, तर एक तासही घालवू नका. १५ दिवसांत ते फुटेज पुसलं जाणार आहे. लगेच तो भाग पेन ड्राइव्हवर काढा, सीलबंद पाकिटात तारीख घालून ठेवा आणि तिला तसं सांगा. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला असेल आणि दुकानात दहापेक्षा कमी माणसं असतील, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. फुटेज समितीला किंवा पोलिसांना द्यायचं, दुकानात चार जणांना दाखवायचं नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं कलम १६ तक्रार आणि चौकशी गुप्त ठेवायला सांगतं.

चोराचा फोटो बाजाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा मोह आवरा. तो चोरच होता हे अजून ठरलेलं नसतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ बदनामीचं आहे, आणि चुकीच्या पोराचा चेहरा एकदा वस्तीभर फिरला की तो मागे घेता येत नाही.

पायरी ९ : फुटेज फुटलं, किंवा डिस्क बदलली

कोणीतरी आत शिरलंय असा संशय आला तर आधी डीव्हीआरची इंटरनेटची वायर काढा, पण रेकॉर्डिंग पुसू नका. १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना कळल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायची आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ए मधल्या व्याख्येत तर एकट्या मालकाची पेढीसुद्धा येते, त्यामुळे "आम्ही कंपनी नाही" म्हणून बाजूला होऊ नका. ज्यांचं चित्रण बाहेर गेलं असेल त्यांना तुम्ही स्वतः सांगा. बाहेरून कळण्यापेक्षा ते बरं.

जुनी हार्ड डिस्क एक्स्चेंजमध्ये देऊ नका. नुसती फॉरमॅट केलेली डिस्क सहज परत वाचता येते. संगणकाला जोडून पूर्ण ओव्हरराइट करा, किंवा उघडून आतल्या चकत्यांना ड्रिलने भोकं पाडा. डिस्कचा क्रमांक आणि तारीख पायरी १ च्या त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवा.